नसलं तर काय

माणूस वाईट नव्हता, त्रासदायक होता. नागपुरात आमच्या मनीषनगरच्या घरात वरच्या खोलीत तो बरीच वर्षं भाड्याने राहिला, आणि तेवढ्या वर्षांत माझ्या घरातल्या एकाही वस्तूला त्याने गप्प बसू दिलं नाही. पाण्याच्या मोटरच्या बटणाखाली त्याने कागद चिकटवला होता. "हे बटण दाबल्यावर मोटर सुरू होते. वरची टाकी भरली तरी मोटर आपोआप बंद होत नाही. खालच्या टाक्यात पाणी नसेल तर मोटर जळते." मी म्हटलं, घर माझं, मोटर माझी, मला हे सगळं माहीत आहे.

तो म्हणाला, "तुमाले माहीत आहे काकू. पण तुमी घरी नसल्या तं काय?"

मी चौथीपर्यंत शिकले आहे. ठळक अक्षरात लिहिलेलं मराठी वाचता येतं. तेच वाईट झालं. वाचता आलं नसतं तर त्याच्या कागदांकडे मी पाहिलंही नसतं. येता-जाता नजर पडायची आणि वाचल्याशिवाय पाय पुढे निघायचा नाही.

आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हे घर बांधलं तेव्हा आजूबाजूला तुरीची शेतं होती. ते गेल्यावर मी वरची खोली भाड्याने द्यायला काढली. खोली पाहायला जे येत ते विचारत, पाणी किती वेळ असते, लाइट जाते का. हा आला, खोलीकडे पाहिलंच नाही, आणि म्हणाला, "पाणी आलंच नाही तं काय करता?"

"बोंबलतो," मी म्हटलं.

त्याने त्यावर विचार केला आणि मान हलवली. "ठीक आहे," म्हणाला. त्याच दिवशी एक गादी, एक कॉम्प्युटर आणि वायरींनी भरलेलं पोतं घेऊन राहायला आला. हे "ठीक आहे" त्याच्या तोंडून फार क्वचित निघतं, हे मला पुढे कळलं.

तो मूळचा इथून जवळच्या खापा गावचा. नोकरी वाडीला, ट्रान्सपोर्टच्या एका गोडाऊनमध्ये. तिथली कॉम्प्युटरची कामं सांभाळायचा. गोडाऊनच्या फाटकावर पाटी होती, "येथे गाडी लावू नये." सगळे ड्रायव्हर तिथेच गाडी लावत. याने त्या पाटीखाली स्वतः रंगवून लिहिलं, "लावल्यास मागची गाडी निघत नाही आणि तिचा ड्रायव्हर तुम्हाला झोपेतून उठवतो." तेव्हापासून तिथे कोणी गाडी लावेना. गोडाऊनच्या मालकाने ती ओळ पुसायला लावली. म्हणाला, बरं नाही दिसत. गाड्या पुन्हा लागायला लागल्या. हे तो मला तक्रार म्हणून सांगत नसे, माहिती म्हणून सांगे.

त्याचं खरं काम संध्याकाळी घरी आल्यावर सुरू व्हायचं. ते काय आहे हे समजायला मला वेळ लागला. कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांजवळ एक अवजार असतं, त्याला डीबगर म्हणतात. चालता प्रोग्राम मधेच थांबवायचा आणि आत काय चाललं आहे ते पाहायचं. मला समजावं म्हणून तो म्हणाला, "कुकर चालू असतानी झाकण उघडून डाळ शिजली का ते पाहता आलं, अन् कुकर फुटला नाही, असं समजा." मी म्हटलं, असं झाकण बाजारात मिळतं का? तो म्हणाला, नाही.

तर असं एक अवजार जगभरातली माणसं मिळून बनवतात, आणि फुकट वाटतात. त्यात नवीन काही टाकायचं तर दोन प्रकारची माणसं ते तपासतात. एक, ज्यांना आतलं यंत्र समजतं. दुसरा हा. यंत्राबरोबर जे लिहून द्यायचं असतं, हे काय आहे, कसं वापरायचं, ते लिखाण तपासायचं काम याच्याकडे होतं. याने हो म्हटल्याशिवाय नवीन काहीही आत जात नसे. याचा पगार नव्हता. डीबगरला विचारायचे काही तयार प्रश्न असतात, त्यांना ते फंक्शन म्हणतात. त्यांच्या नावाआधी डॉलरचं चिन्ह असतं. मी विचारलं, डॉलर मिळतात का? म्हणाला, चिन्ह मिळते.

ते लिखाण तो मोठ्याने वाचायचा. इंग्रजीत, खोलीत येरझाऱ्या घालत. मे महिन्यात सगळ्या नागपुरात कूलर चालू असायचे, याचा बंद. का, तर कूलरच्या आवाजात वाक्य ऐकू येत नाही. डोक्यावर ओला टॉवेल टाकून वाचत फिरायचा. समोरच्या घरची बाई एकदा मला म्हणाली, "तुमचा भाडेकरू कोणासंग भांडून राहिला वं इतका?" मी म्हटलं, वाक्यासंग. तिने पुढे विचारलं नाही.

त्याच्या लिखाणाचे नियम घरालाही लागू होते. 'वगैरे' हा शब्द त्याला चालत नसे. मी एकदा म्हटलं, बाजारात चाललेच आहात तर भाजी वगैरे घेऊन या. तो दारात उभाच राहिला. "वगैरेत काय काय येते काकू?" मी म्हटलं, कोथिंबीर, मिरच्या, लिंबू. "मंग तसं म्हणा," म्हणाला आणि गेला. आणलं मात्र बरोबर तेवढंच. वाक्य संपलं की पुढचं वाक्य सुरू करायच्या आधी दोन जागा सोडायच्या, एक नाही, हा दुसरा नियम. दोन कशाला म्हणून विचारलं तर म्हणे, डोळ्याला दम घ्यायला. प्रत्येक गोष्टीला एक उदाहरण पाहिजे, हा तिसरा. आणि सगळ्यांवर चढणारा एक प्रश्न होता. जे आहे असं तुम्ही धरून चालला आहात, ते नसलं तर काय?

या प्रश्नाने त्याचं लग्न राहिलं. हे मला त्याच्या बहिणीने सांगितलं. ती खाप्यालाच दिली आहे. मुलगी पाहायला गेले होते. मुलगी पसंत होती, मुलीलाही हा चालत होता. बोलणी होत आली तेव्हा हा म्हणाला, "आमचं नाही पटलं तं काय करायचं, ते आताच ठरवून घेऊ." मुलीच्या बापाने चहा पाजला आणि फाटकापर्यंत सोडायला आला. बहीण म्हणाली, "भला माणूस होता तो, दुसऱ्या कोणी मारलं असतं." मी विचारलं, मग त्याला दुःख झालं का? ती म्हणाली, "नाई. त्याचं म्हणणं, उत्तर नव्हतं त्यांच्यापाशी."

एकदाच मी त्याला हरलेला पाहिला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणारे आमचे गावाकडचे पाहुणे घरी उतरतात. माझे सासरे छप्पन साली तिथे होते, तेव्हापासून कोणी ना कोणी येतंच. त्या वर्षी उमरेडकडून माझी नणंद आली होती. न्हाणीघरात गीझरखाली याचा कागद होता, लाल दिवा लागला म्हणजे पाणी तापत आहे, विझला म्हणजे तापलं. नणंद टॉवेल घेऊन बाहेर उभी. तिला वाचता येत नाही. याने वरून पाहिलं, खाली आला आणि म्हणाला, "माझी चूक आहे. वाचता येत नसलं तं काय, हे मी लिहिलंच नाही."

मी म्हटलं, ते लिहिणार कसं?

तो दिवसभर विचार करत बसला. नणंद थंड पाण्याने आंघोळ करून दीक्षाभूमीवर गेली.

आता प्राचीचं सांगते. प्राची माझ्या मुलाची मुलगी. मुलगा चंद्रपूरला असतो. ती इथे माझ्याजवळ राहून इंजिनिअर झाली आणि नंतर वर्षाहून जास्त घरी बसून होती. अर्ज करायची, फोनवर मुलाखती द्यायची, मग काही कळायचं नाही. तिच्या बापाने सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत नोकरी नाही लागली तर चंद्रपूरला परत यायचं, दोन स्थळं आली आहेत. प्राचीला स्थळं नको होती. ती तसं बोलत नव्हती, पण ताटातली पोळी मोडून तशीच ठेवायची.

वरच्या माणसाचं पाहून तिने त्या डीबगरचं काम करायला घेतलं. शिकली स्वतःच. मग एक नवीन फंक्शन बनवलं. प्रोग्राम थांबवलेला असताना त्यात एखादी यादी किती लांब आहे, म्हणजे तिच्यात किती वस्तू आहेत, ते सांगणारं. मला हे लगेच समजलं, कारण यादी मला माहीत आहे. पुण्याच्या एका कंपनीच्या माणसाने तिला सांगितलं, तुझं हे काम त्या डीबगरमध्ये शिरलं की मला कळव, दिवाळीआधी जी मुलं नोकरीवर घेऊन राहिलो त्यात तुला घेतो. यंत्राची बाजू तपासणाऱ्यांनी तिचं काम पाहिलं आणि हो म्हटलं. डीबगरची नवी आवृत्ती निघणार होती. ठरल्या तारखेपर्यंत जे आत आलं ते आलं, राहिलेलं पुढच्या खेपेला, म्हणजे दिवाळीनंतर कितीतरी महिन्यांनी. आता फक्त लिखाणाला हो म्हणणारा राहिला होता. तो माझ्या डोक्यावर राहत होता. मला वाटलं, झालं काम.

पहिलं उत्तर आलं, वाक्यानंतर एकच जागा सोडली आहे. तिने दोन सोडल्या. मग आलं, उदाहरण नाही. तिने उदाहरण दिलं. हे सगळं मेलवर, साऱ्या जगाला दिसेल असं. खालच्या खोलीत ही टाइप करायची, वरच्या खोलीत तो वाचायचा, आणि मधे जिना होता. प्राचीने एकदा त्याला जिन्यातच गाठलं. मी गहू निवडत होते.

"काका, माझं मेल पाहिलं का?"

"पाहिलं असल तं उत्तर येईल."

"मंग आताच सांगा ना. समोरच तं उभे आहा."

"इथं सांगितलं तं जपानमधल्या माणसाले कसं समजन?"

"जपानमधल्या माणसाले काय करायचं आहे त्याचं?"

"ते त्याचं त्याले ठरवू दे," म्हणाला आणि चपला काढून वर गेला.

मग शेवटचा प्रश्न आला. ज्या यादीचं नाव विचारलं ती यादीच प्रोग्राममध्ये नसली तर काय? प्राचीने लिहिलं, शून्य असं उत्तर येतं. त्याने लिहिलं, यादी आहे पण रिकामी आहे तेव्हाही शून्य, यादीच नाही तेव्हाही शून्य, मग विचारणाऱ्याने काय समजायचं? एक तर फंक्शन बदला. नसेल बदलायचं तर लिखाणात तसं लिहा, की यादी रिकामी आहे का यादीच नाही, हे या फंक्शनला सांगता येत नाही. दोन्ही चालेल.

प्राचीला दोन्ही चालत नव्हतं. फंक्शन बदललं तर बाकीच्यांचं हो पुन्हा मागावं लागणार आणि तारीख जवळ आली होती. आणि ते वाक्य लिहायचं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःच्या कामाखाली लिहायचं की हे मूर्ख आहे. परदेशातल्या एक-दोन लोकांनी मधे पडून लिहिलं, एवढं काय, जाऊ द्या. त्यांना याने नम्रपणे लिहिलं, नाही.

मग मी वर गेले. माझे गुडघे दुखतात. वर जाणं मला आवडत नाही.

"भाऊ, पोरीचं काम काहून अडवून ठेवलं?"

"अडवलं नाही काकू. एक वाक्य कमी आहे."

"मंग तुमीच लिहून टाका ना ते वाक्य. एवढं लिहिता."

"मी कसा लिहीन? काम तिचं आहे. खरं काय ते तिले माहीत."

"दिवाळीले चंद्रपूरले पाठवून देतील तिले. माहीत आहे ना? लग्न लावून देतील."

"माहीत आहे. तिनं सांगितलं होतं मले." तो गादीवर बसला आणि टॉवेलची घडी करायला लागला. "वाईट आहे ते. पण ते फंक्शनमधी येत नाही."

"माझ्या हातचं जेवता तुमी."

"जेवतो. चांगलं राहते."

मग मला राग आला. मी म्हटलं, "खोली खाली करा."

"करतो. कवापर्यंत?"

"या महिन्यात."

"अन् नाही केली तं काय?"

हे त्याने उद्धटपणाने विचारलं नाही. त्याला माहिती पाहिजे होती. मी जिना उतरले. खाली आले तेव्हा वरून वायरी पोत्यात भरल्याचा आवाज यायला लागला होता.

त्याच्या जेवणाची पद्धत अशी होती. संध्याकाळी मी त्याचा डबा भरून जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायची. सकाळी तो डबा धुऊन, पुसून, उपडा करून खालच्या पायरीवर ठेवायचा. इतक्या वर्षांत यात खंड नव्हता. आमच्याकडे कोणाच्या घरी रिकामं भांडं पाठवत नाहीत. चिमूटभर साखर तरी टाकतात. पण हा जेवायला आमच्याकडेच होता, तेव्हा त्याचा डबा खाली रिकामा यायचा त्यात गैर काही नव्हतं. वर जाताना मात्र तो भरलेलाच जायचा. त्या संध्याकाळी मी मुद्दाम रिकामा डबा झाकण लावून वरच्या पायरीवर ठेवला. माणसाला समजलं पाहिजे.

थोड्या वेळाने तो डबा हातात घेऊन खाली आला. प्राची टेबलाशी कॉम्प्युटर उघडून बसली होती.

"काकू, डबा रिकामा आहे."

"माहीत आहे मले."

"म्हणजे विसरल्या नाही."

"नाही विसरली."

"तब्येत?"

"ठणठणीत आहे."

त्याला समाधान झालेलं दिसलं. "तेच म्हटलं मी. डबा आलाच नसता तं मले वाटलं असतं का तुमी कुठं पडल्या असान. धावत आलो असतो. रिकामा आला म्हणून सावकाश आलो. तुमी रागावल्या आहा, बाकी सगळं बरं आहे."

प्राचीचे हात थांबले. ती डब्याकडे पाहत होती. त्याच्या ते लक्षात आलं आणि तो घाबरला. मी त्याला घाबरलेला आधी पाहिला नव्हता.

"हे मी तुले नाही बोललो," तो तिला म्हणाला. "काकूसंग बोलून राहिलो होतो. तुले काही विचारायचं असल तं मेलवर विचार."

तो जायला वळला. मी म्हटलं, "जेवाले काय खासान आता?"

"डबा रिकामा आहे ना. काही नाही." हेही त्याने माहिती म्हणूनच सांगितलं.

मी डबा भरून दिला. दया वगैरे आली नाही. पोळ्या केलेल्याच होत्या.

प्राचीने फंक्शन बदललं. यादी रिकामी असली तर शून्य, आणि यादीच नसली तर शून्यही नाही, यादी नाही असं स्पष्ट उत्तर. बाकीच्यांचं हो पुन्हा मागितलं. ते आलं, एकाने तर लिहिलं की हे आधीपेक्षा बरं झालं. याचं उत्तर आलं की दुसऱ्या वाक्यानंतर पुन्हा एकच जागा आहे. प्राची इतकी ओरडली की समोरची बाई फाटकात येऊन उभी राहिली. तिने ती जागा टाकली. मग वरून आलं, ठीक आहे. तारीख त्याच आठवड्यात होती.

त्याने तिचं कौतुक केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा ठेवायला आला तेव्हा मला म्हणाला, "काकू, खोलीचं काय ठरलं?"

"राहा."

"कवापर्यंत?"

"राहा म्हटलं ना गा."

त्याला हे उत्तर अपुरं वाटलं असणार. पण त्याने पोत्यातल्या वायरी बाहेर काढल्या.

दिवाळीत प्राची चंद्रपूरला गेली ती चार दिवसांसाठी, आणि तिथून पुण्याला. घरात मी, वर तो. संध्याकाळी डबा वर, सकाळी डबा खाली. आम्ही फारसं बोलत नव्हतो. बोलायला लागायचं नाही.

एका सकाळी मी फाटक उघडायला उठले आणि खालच्या पायरीवर डबा नव्हता. रोज तो रिकामा असतो, धुतलेला असतो, उपडा असतो. त्या दिवशी पायरीवर नुसती पायरी होती. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, झोपला असेल, येईल. मी चहाही ठेवला नाही. गुडघ्यांना शिव्या देत वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. तो गादी आणि टेबलाच्या मधे पडला होता, डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं. डबा टेबलाखाली होता, न उघडलेला. त्याने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, "बोलू नका. समजलं मले."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, वेळेत आणलं म्हणून वाचला. मला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, डबा आला नाही. त्याला वाटलं म्हातारीला धक्का बसला आहे. त्याने मला खुर्ची दिली.

उजवी बाजू गेली होती. बोलणं गेलं होतं. बहीण टेम्पो घेऊन आली आणि त्याला आणि त्याच्या सामानाला खाप्याला घेऊन गेली. सामानात माझा डबाही गेला. मी मागितला नाही. त्या वेळी डब्याचं बोलणं बरं दिसलं नसतं. मोटरखालचा कागद मी काढलेला नाही. कडा सुटल्या होत्या, पोळीच्या कणकेने पुन्हा चिकटवला.

त्याचं ते काम जगातल्या लोकांनी काही दिवस तसंच ठेवलं, मग प्राचीला विचारलं. आता ऑफिस सुटल्यावर ती करते. परवा फोनवर सांगत होती, कोणा एकाचं काम तिने परत पाठवलं तर तो फार चिडला. मी विचारलं, काय कमी होतं? म्हणाली, "तेच आजी."

मी खाप्याला फोन करायची तेव्हा बहीण म्हणायची, आहे तसाच आहे. म्हणजे कसा, ते तिला सांगता यायचं नाही. त्याला फोन दिला तर नुसता श्वास ऐकू यायचा. मी दोनदा ऐकला आणि सोडून दिलं. श्वासावरून काही कळत नाही.

मग मागच्या महिन्यात बहिणीचाच फोन आला. आवाज ओशाळलेला होता.

"मावशी, आमच्या शेजारचा माणूस नागपूरले येऊन राहिला. त्याच्यापाशी तुमचा डबा देते. वाईट नका मानू, रिकामाच आहे. मी दोन लाडू घातले होते त्यात. रिकामा डबा काहून पाठवायचा कोणाच्या घरी? तं यानं डाव्या हातानं झाकण काढलं अन् लाडू बाहेर ठेवले. मी पुन्हा घातले. यानं पुन्हा काढले. रागानं पाहे माझ्याकडे. मंग एका हातानं स्वतः धुतला, पुसला. त्याचं डोकंही गेलं वाटते मावशी."

"डोकं जाग्यावर आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो माणूस फाटकात डबा देऊन गेला. मी झाकण उघडून पाहिलं. आत काहीच नव्हतं. साखरेचा दाणासुद्धा नव्हता. डबा ओट्यावर उपडा ठेवला आणि पुण्याला फोन लावला.

"तो बरा आहे," मी प्राचीला सांगितलं.

"कोणी सांगितलं? काकांच्या बहिणीनं?"

"नाही वं. तिले काही समजत नाही. डबा आला."

"काय होतं डब्यात?"

"काही नाही."

धुतलेला आहे का, एवढं तिने विचारून घेतलं. मग म्हणाली, "ठीक आहे."